तुझं नाव काय?

नीलिमा साळवेला प्रश्न विचारण्यात मजा नसे, कारण तिच्याकडे उत्तर तयार असायचं. हा तिचा दोष नाही, माहेरचा आहे. तिचे वडील दीनानाथ मास्तर नगरच्या मिशन शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवत आणि रविवारी मंडळीतल्या मुलांना देव शिकवत. दोन्ही विषयांची पद्धत एकच होती: प्रश्न, उत्तर आणि तोंडपाठ. त्यासाठी त्यांनी तरुणपणी स्वतःच्या हातानं एक वही केली होती, 'नव्यांसाठी बावन्न प्रश्न'. वर्षाचे रविवार बावन्न, म्हणून प्रश्नही बावन्न. देव कोण, पाप म्हणजे काय, कृपा म्हणजे काय, मेल्यावर काय होतं, सगळं त्यात होतं. नीलिमाला ती वही सातव्या वर्षी पाठ होती आणि चाळिशी जवळ आली तरी एक शब्द इकडचा तिकडे झालेला नव्हता.

वहीतला पहिला प्रश्न होता, 'तुझं नाव काय?' नवीन मुलं हसायची. देवाच्या वर्गात असला सोपा प्रश्न? मास्तर म्हणायचे, "हसू नका रे. देव गर्दीला हाक मारत नाही, एकेकाला नावानं मारतो. आधी नाव सांगा, बाकीचं मागून बघू."

तर अशी ही नीलिमा लग्नानंतर जर्मनीत ड्रेस्डेनला आली. नवरा प्रसन्न शहराच्या उत्तरेकडच्या एका चिप कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर. पांढरा झगा, तोंडावर मास्क आणि पाळ्या. शहर असं की तिथं बहुतेकांना देव आहे की नाही याची चौकशी करायलाही सवड नव्हती. चर्च मोठं आणि माणसं पहिल्या तीन बाकांपुरती. नीलिमा चौथ्या बाकावर जाऊन बसली आणि महिन्याभरात पाळकबाईंच्या नजरेत भरली. फ्राऊ क्लिंगर नावाच्या या पाळकबाई पन्नाशीच्या, सायकलवरून फिरणाऱ्या आणि मनानं फार चांगल्या. माणूस मनानं चांगला असला म्हणजे त्याच्या हातून वाईट होतच नाही असं नाही. ते पुढे येईलच.

पाळकबाई दर गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला चर्चच्या मागच्या खोलीत नवशिक्यांचा वर्ग घेत. ज्यांना ख्रिस्ती धर्मातलं ओ की ठो कळत नाही त्यांनी यावं, सूप प्यावं आणि मनातलं विचारावं, इतकीच अट. नीलिमा सूप करी, खुर्च्या मांडी आणि शमिकाच्या कानात मराठीतून कुजबुजत भाषांतर करी. शमिका पुण्याची, विद्यापीठात मास्टर्स करणारी, जर्मन अजून रांगत असलेली. ती देवासाठी वर्गाला येते असा तिचा स्वतःचाही दावा नव्हता. "नीलिमाताई, फ्री सूप आणि फ्री जर्मन, अजून काय पाहिजे?" ती म्हणायची. पण प्रश्न मात्र मुळावर घाव घालणारे. क्रूसाचा विषय निघाला तेव्हा तिनं विचारलं, "देवाला जर माफच करायचं होतं तर डायरेक्ट का नाही केलं?" नीलिमानं अर्थातच उत्तर दिलं. पाळकबाई त्या प्रश्नावर अजून विचार करत होत्या.

तिसरे नियमित गृहस्थ म्हणजे हेर लोरेन्झ. एकाहत्तर वर्षांचे, निवृत्त यंत्रकामगार, जुन्या कम्युनिस्ट राजवटीत वाढलेले, आयुष्यात चर्चची पायरी न चढलेले. एप्रिलपासून ते येऊ लागले आणि मांडीवर टोपी ठेवून पाच आठवडे गप्प बसून होते. का येतात ते कोणाला ठाऊक नव्हतं.

आता नोव्हेंबरकडे वळतो, कारण खरी गोष्ट तिथून सुरू होते. तीन वर्षं कागद जमवून, परीक्षा देऊन नीलिमाला बालवाडीच्या शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला जागा मिळाली होती. किटामधली, म्हणजे तिथल्या बालवाडीतली, पोरं तिला 'नीली' म्हणत. ऑक्टोबरात ती रुजू झाली आणि नोव्हेंबरच्या अखेरीस न्हाणीघरात उभी राहून हातातल्या पट्टीवरच्या दोन रेघा बघत होती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. आनंद व्हायला हवा होता आणि तो झालाही, पण तास-दोन तासांनी. पहिल्या क्षणी तिच्या तोंडून जे निघालं ते असं: "आत्ताच कशाला?"

मोठ्यानं म्हणाली. घरात कोणी नव्हतं. एवढंच वाक्य, आणि त्यानंतर ते ती विसरूनही गेली. पुढचे महिने तिनं पोटावर हात ठेवून गाणी म्हटली, किटातल्या पोरांची लहान होणारी स्वेटरं मागून घेतली, प्रसन्नला रोज सांगितलं की आज ती अशी हलली नि तशी हलली. मुलगी आहे हे कळलं त्या दिवशी नवराबायको एल्बे नदीच्या काठानं पार अंधार पडेपर्यंत चालत राहिले. नाव ठेवायचं राहिलं होतं. ठेवू की, घाई काय आहे, असं दोघं म्हणत होते.

मार्चच्या मध्यावर, एकोणिसाव्या आठवड्यात, ती गेली.

त्याचं वर्णन मी करणार नाही. हॉस्पिटलातल्या नर्सबाई फार मायेनं वागल्या, त्यांनी तळहाताएवढ्या जिवाला विणलेली टोपी घातली, आईला हवा तितका वेळ दिला. निघताना हातात एक पत्रक ठेवलं. अशा बाळांचं इथं सामुदायिक दफन होतं, पुढचं मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी. आईवडिलांची इच्छा असेल तर बाळाचं नाव वाचलं जाईल, नाव आदल्या शुक्रवारी दुपारपर्यंत फोननं कळवावं. नीलिमानं पत्रक घडी करून स्वयंपाकघरातल्या खणात टाकलं. त्यानंतर तो खण ती उघडेना. चमचे त्याच खणात होते, म्हणून प्रसन्ननं गुपचूप चमचे दुसरीकडे हलवले.

नगरहून सासूबाईंचा फोन आला, "देवाची इच्छा गं बाई, पुढच्या वेळी होईल." चुलत नणंदेचा आला, "जास्त धावपळ केलीस का?" उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना काय, शेळीचा पाय कुठं अडकलाय ते वरून दिसतच नाही. नीलिमा सगळ्यांना "हो" म्हणाली. अशा वेळी लोकांना काय सांगायचं ते तिनं इतरांच्या घरी जाऊन कितीदा सांगितलं होतं. आता तेच शब्द परत येत होते आणि एकही आत जात नव्हता.

आणि मग तिला न्हाणीघरातलं वाक्य आठवलं. वडिलांच्या वहीतला एकतिसावा प्रश्न होता, 'देव आपलं ऐकतो काय?' उत्तर: 'होय. ओठांवर येण्याआधीचंही तो ऐकतो.' लहानपणी या उत्तरानं तिला किती धीर यायचा! आता ते उत्तर ती भांडी घासताना, मोजे वाळत घालताना, ट्रामच्या खिडकीशी बसून पुन्हा पुन्हा म्हणू लागली. तो ऐकतो. आत्ताच कशाला, असं तू विचारलंस. जणू त्यानं म्हटलं, बरं, नको तर नको.

प्रसन्न घाबरला. बायको रडली असती तर त्यानं मिठी मारली असती. ती रडत नव्हती. ती त्याला जेवायला वाढायची आणि स्वतः भिंतीकडे बघत बसायची. एका सकाळी रात्रपाळीहून परतताना ट्राममध्ये त्यानं पाळकबाईंना पत्र लिहायला घेतलं. त्याचं जर्मन बेतास बात, कारखान्यात सगळं इंग्रजीत. 'मिसकॅरेज' हा शब्द त्याला येत होता, पण तो डॉक्टरांचा शब्द होता आणि त्याला आपलं दुःख आपल्या भाषेत सांगायचं होतं. म्हणून त्यानं मराठीत लिहिलं, फोनमधल्या भाषांतर करणाऱ्या यंत्राच्या हवाली केलं आणि जे जर्मन बाहेर आलं ते न वाचता पाठवून दिलं.

मराठीत एक शब्द आहे, गर्भपात. मूल आपोआप गेलं तरी गर्भपात आणि ठरवून पाडलं तरी गर्भपात. फरक क्रियापदात: झाला की केला. आपल्याला तो कधी खटकत नाही, कारण 'झाला' म्हणणाऱ्याचा चेहरा आपल्यासमोर असतो. जर्मनमध्ये मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत. आपोआप जातं ते फेलगेबुर्ट आणि पाडलं जातं ते आबट्राइबुंग. यंत्रानं प्रसन्नच्या 'झाला'कडे ढुंकून पाहिलं नाही आणि दुसरा शब्द लिहिला. ध चा मा करायला पूर्वी माणूस लागायचा, आता तेवढीही गरज राहिलेली नाही.

पाळकबाई दुसऱ्याच दिवशी ट्युलिपचा गुच्छ घेऊन आल्या. प्रसन्न झोपला होता. दोघी स्वयंपाकघरात बसल्या. पाळकबाई एवढ्या हळव्या आणि समजूतदार की तो शब्द त्यांनी तोंडातूनच काढला नाही. काढला असता तर तिथल्या तिथं उलगडा होऊन सहा आठवड्यांचा नरक टळला असता. त्यांनी नीलिमाचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "फ्राऊ साळवे, तेव्हा तुमच्या मनात काय होतं ते मी विचारणार नाही. ते तुमच्यात आणि देवात. मी एवढंच सांगायला आले की त्याच्यापाशी क्षमा आहे. याचीसुद्धा आहे."

नीलिमानं हात काढून घेतला. तेव्हा तुमच्या मनात काय होतं! न्हाणीघरात ती बोलली तेव्हा घरात कोणीही नव्हतं. प्रसन्नलाही तिनं सांगितलं नव्हतं. मग या बाईला कोणी सांगितलं?

एकच जण ऐकणारा होता, आणि त्यानं सांगितलं होतं.

पाळकबाई गेल्यावर तिनं ट्युलिप पाण्यात ठेवले. नुसता संशय होता तोवर थोडी फट होती, आता ती बुजली. क्षमा आहे म्हणजे गुन्हा आहे. गुन्ह्याशिवाय क्षमा कोण देतं? हे साधं गणित होतं आणि ती गणिताच्या मास्तरांची मुलगी होती. मी माझ्या मुलीला नको म्हटलं, देवानं ते मान्य केलं आणि वर निरोपही धाडला.

त्यानंतर ती चर्चला गेली, पण प्रभुभोजनाची भाकर घ्यायला सगळे पुढे जात तेव्हा बाकावरच बसून राहू लागली. गाणं बंद झालं. किटातून तिनं आजारपणाची रजा घेतली, कारण पोरं 'नीली' म्हणून धावत आली की तिचे हात वर उचलेनात. गुरुवारचं सूप मात्र चुकवलं नाही. ते ती शिक्षेसारखं करी. दुसऱ्यांना कृपेबद्दल सांगायचं आणि स्वतः कांदे चिरत उभं राहायचं, हेच आपल्याला योग्य असं तिला वाटे. मेचा दुसरा शनिवार जवळ आला. प्रसन्ननं एकदा धीर करून विचारलं, "नीलू, नावाचं काय करायचं? कळवायचं ना?"

"मी कोण तिला नाव ठेवणारी?" ती म्हणाली. "जिला नकोच म्हटलं तिला?"

"कोण नको म्हणालं?" त्यानं विचारलं. तिनं उत्तर दिलं नाही. नीलिमाकडे उत्तर नाही असं त्यानं प्रथमच पाहिलं आणि तो बाल्कनीत जाऊन रडला.

शनिवारच्या आधीचा गुरुवार. वर्गाचा विषय पाळकबाईंनी हिवाळ्यातच ठरवून छापलेला होता: 'दुःख आहे, तर देव कुठे आहे?' त्या दिवशी तिघंच होते, शमिका, हेर लोरेन्झ आणि कांदे चिरणारी नीलिमा. पाळकबाईंनी तोंड उघडायच्या आत हेर लोरेन्झ यांनी टोपी टेबलावर ठेवली.

"आल्झो, तर," ते म्हणाले, "मला एकच प्रश्न आहे. तेवढ्यासाठीच मी येतो. एक्याऐंशी साली आमचं पहिलं मूल पाचव्या महिन्यात गेलं. फेलगेबुर्ट. दवाखान्यातले लोक ते एका भांड्यात घालून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, कुठे ठेवलंत? मला म्हणाले, त्याची व्यवस्था झालेली आहे, हेर लोरेन्झ. बायको गेल्या हिवाळ्यात वारली. शेवटच्या आठवड्यात ती मला ओळखत नव्हती, पण हे विचारत होती. कुठे आहे ते? मी म्हटलं, मी विचारून येतो. कुठे विचारायचं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून इथं आलो."

शमिकानं नीलिमाची बाही ओढली. भाषांतर हे नीलिमाचं काम होतं. ती पुटपुटली, "त्यांच्या बायकोचा पाचव्या महिन्यात गर्भपात झाला. बाळ कुठे नेलं ते कोणी सांगितलं नाही."

शमिका इंग्रजी शाळेतली. गर्भपात हा शब्द तिनं बातम्यांत ऐकलेला, कायद्याच्या संदर्भात. तिला म्हाताऱ्याला दोन मायेचे शब्द जर्मनमध्येच सांगायचे होते, म्हणून तिनं तो शब्द फोनमध्ये घातला, आलेला जर्मन शब्द वाचला आणि पुढे वाकून हळुवार आवाजात म्हणाली, "हेर लोरेन्झ, मला वाईट वाटतं... तुमच्या बायकोची आबट्राइबुंग..."

हेर लोरेन्झ असे उठले की खुर्ची मागं पडली. "नाइन! नाही! काय बोलतेस तू? आम्हाला ते हवं होतं! पाळण्याला मी रंग दिला होता! पिवळा!"

"काय झालं? मी काय बोलले?" शमिका रडकुंडीला आली. नीलिमा हातातली सुरी तशीच घेऊन मध्ये आली. "हेर लोरेन्झ, तिची चूक नाही, माझी आहे. आमच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे. आपोआप गेलं तरी तोच, पाडलं तरी तोच. फोननं तिला चुकीचा दिला. माफ करा तिला."

लोरेन्झ श्वास टाकत उभे राहिले, मग वाकून त्यांनी खुर्ची उचलली. पण पाळकबाई मात्र जागच्या जागी गोठल्या होत्या.

"एकच शब्द?" त्या म्हणाल्या. "दोन्हीला?"

"हो," नीलिमा म्हणाली.

"फ्राऊ साळवे." पाळकबाईंनी पिशवीतून फोन काढला. "तुमच्या नवऱ्यानं मार्चमध्ये मला पत्र लिहिलं होतं. ते त्यानं स्वतः जर्मनमध्ये लिहिलं होतं का?"

नीलिमानं पत्र वाचलं. दुसऱ्या ओळीत तो शब्द होता, आबट्राइबुंग. तिनं तो तीनदा वाचला. मग तिला ट्युलिप आठवले आणि 'याचीसुद्धा आहे' हे वाक्य आठवलं, आणि ती हसू लागली. ते हसू ऐकून शमिकानं तिच्या हातातली सुरी आधी काढून घेतली.

"म्हणजे देवानं नाही सांगितलं तुम्हाला?" नीलिमा हसता हसता ओरडली. "सहा आठवडे! मला वाटलं देवानं तुम्हाला सांगितलं!"

"काय सांगितलं?" पाळकबाईंनी विचारलं.

आणि मग ते बाहेर आलं. मराठीत, जर्मनमध्ये, मिसळून, जसं आलं तसं. न्हाणीघर, दोन रेघा, प्रशिक्षणाची जागा, आत्ताच कशाला. "मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. त्यानं ऐकलं आणि ती नेली." एवढं बोलून ती खाली बसली आणि मार्चनंतर पहिल्यांदा रडली, आतडं पिळवटून. शमिकानं तिला धरून ठेवलं. पाळकबाईंच्या डोळ्यांतूनही धारा लागल्या होत्या, पण जवळ यायचा त्यांना धीर झाला नाही.

बोलले ते हेर लोरेन्झ. "आत्ताच कशाला?" त्यांनी शब्द चाचपून पाहिले. "माझी बायको तीन वेळा गरोदर राहिली आणि तिन्ही वेळा हेच म्हणाली. पहिल्याच्या वेळी तर मीही म्हणालो, आम्हाला घरसुद्धा मिळालं नव्हतं. पहिलं गेलं. दुसरी मुलगी लाइपझिगला दाताची डॉक्टर आहे. तिसरा ट्राम चालवतो, अकरा नंबरची. तुम्ही बसला असाल त्याच्या ट्राममध्ये. तिन्ही वेळा तेच वाक्य. गेनाऊ, अगदी तेच."

बावन्न प्रश्नांत हे कुठेच नव्हतं.

पाळकबाई शेवटी म्हणाल्या, "फ्राऊ साळवे, मी तुमच्या घरी क्षमा घेऊन आले होते. आता मला ती मागायची आहे. मी विचारायला हवं होतं, आणि मी विचारलं नाही."

"आत्ता नाही देता येणार," नीलिमा म्हणाली. तिला ते खरोखरच देता येत नव्हतं आणि तिनं तसं सांगितलं.

"बरोबर आहे," पाळकबाई म्हणाल्या.

"आणि माझ्या प्रश्नाचं?" लोरेन्झ यांनी विचारलं. "कुठे आहे ते?"

"मला ठाऊक नाही, हेर लोरेन्झ," पाळकबाई म्हणाल्या. "मला काय आशा आहे ते मी सांगू शकते. ठाऊक मात्र नाही." सगळ्यांनी सवयीनं नीलिमाकडे पाहिलं. तिनं नकारार्थी मान हलवली. सूप तसंच राहिलं.

घरी आल्यावर तिनं प्रसन्नकडे पत्र मागितलं. जर्मन नव्हे, मूळ मराठी. तो गोंधळला, पण त्यानं फोन पुढं केला. त्यात लिहिलं होतं: 'सलाम. माझ्या पत्नीचा गर्भपात झाला. मुलगी होती. माझी पत्नी सगळ्यांना देवाबद्दल सांगते, पण आता तिला कोण सांगणार? मला काही येत नाही. मला फक्त मशीन दुरुस्त करता येतात. तुम्ही या.' काय घडलं ते तिनं त्याला सांगितलं. आपल्या एका शब्दानं बायकोला सहा आठवडे जाळलं हे कळल्यावर तो माणूस भिंतीला टेकून खालीच बसला. तिला त्याचा राग आला होता. तरीही ती त्याच्याशेजारी जाऊन बसली, आणि न्हाणीघरातलं वाक्य तिनं त्यालाही सांगितलं.

शुक्रवारी सकाळी तिनं नगरला फोन लावला. मास्तर दुपारचं जेवून बसले होते.

"पप्पा, एकतिसावा प्रश्न."

"ओठांवर येण्याआधीचंही तो ऐकतो," मास्तरांनी झोपेतही दिलं असतं असं उत्तर दिलं.

"मग त्यानं माझं ऐकलं, पप्पा." आणि तिनं सांगितलं.

"नीलू," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज म्हातारा झाला होता, "ते उत्तर मी लिहिलं तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. लग्न व्हायचं होतं. माणूस काय काय बोलून जातो ते मला काय ठाऊक?"

"मग खोडू का?"

"खोडू नकोस. पण अर्धंच लिहिलंय बघ. ज्यानं ते एक वाक्य ऐकलं, त्यानं पुढचे चार महिने तू तिच्याशी जे बोललीस ते ऐकलं नसेल? तेवढंच बरं कानात जाईल त्याच्या? बाकी ती का गेली ते मला माहीत नाही बाळा. मला खरंच माहीत नाही. बावन्न प्रश्न लिहिले मी, आणि हा लिहायचं धाडस झालं नाही."

वडिलांना रडताना तिनं कधी ऐकलं नव्हतं. मग मास्तरांनी नाक शिंकरलं आणि वर्गात नवीन आलेल्या पोराला विचारावं तसं विचारलं, "तिचं नाव काय?"

पहिला प्रश्न. सगळ्यांत सोपा, ज्याला मुलं हसायची. नीलिमाला त्याचं उत्तर येत नव्हतं.

"सांगते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. घड्याळात साडेअकरा झाले होते. तिनं खण उघडून पत्रक बाहेर काढलं, टेबलावर ठेवून हातानं सरळ केलं. प्रसन्न समोर बसला होता. पावणेबारा झाले.

"स्पृहा," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे इच्छा. हवंसं वाटणं. हवी होती ती मला, प्रसन्न."

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला. फोन त्यानं लावला. पलीकडच्या बाईला एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, तिनं वाचून दाखवलं ते ऐकून घेतलं आणि पुन्हा एकदा सगळं सांगितलं. यंत्राच्या हवाली यावेळी काही केलं नाही.

शनिवारी दफनभूमीत लायलॅक फुलले होते आणि ऊन होतं, जे नीलिमाला मुळीच आवडलं नाही. पंधरा-वीस जोडपी, एकमेकांपासून हातभर अंतर राखून उभी. लहानशी एकच पेटी. हेर लोरेन्झ आले होते, दाढी करून, काळा कोट घालून; त्यांचं कोणी तिथं नव्हतं, तरी आले होते. हॉस्पिटलच्या पाळकांबरोबर फ्राऊ क्लिंगरही होत्या. आधी प्रार्थना झाली. मग त्यांनी यादी हातात घेतली आणि नावं वाचायला सुरुवात केली. काहींना नाव नव्हतं, त्यांच्या वेळी 'एक बाळ' म्हणत.

"श्प्रूहा ज़ाल्वे," पाळकबाईंनी वाचलं. जर्मन जीभ, स पुढे प आला की श होणारच.

"स्पृहा," नीलिमा म्हणाली.

तिला चूक दुरुस्त करायची होती, एवढंच. पण नाव तोंडातून बाहेर पडलं आणि तिच्या ध्यानात आलं की ही आपण मुलीला मारलेली पहिली हाक आहे. सगळी माणसं वळून बघत होती. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिनं पुन्हा हाक मारली, मोठ्यानं, संध्याकाळी अंगणात खेळणाऱ्या पोरीला घरात बोलवावं तशी.

"स्पृहा!"

हाक मारल्यावर माणूस जितका वेळ थांबतो तितका वेळ ती थांबली. पाळकबाईही यादी खाली करून थांबल्या. ओ आली नाही. मग त्यांनी पुढचं नाव वाचलं.